ओळीगणिक खूण

इलेक्ट्रॉनिक कुलपांच्या कारखान्यातला, कुलूप चालवणारा जुना प्रोग्राम नव्या चिपवर हलवण्याचं काम बाईंकडे आलं, कारण त्यातला असेंब्लीचा, म्हणजे थेट चिपच्या भाषेतला भाग त्यांनीच तरुणपणी हातानं लिहिला होता. त्या काळी चिपमध्ये जागा इतकी तुटपुंजी, की एकेक सूचना डोळ्यांत तेल घालून निवडावी लागे. बाईंची धाकटी बहीण एकटी राहायची. तिच्याकडे चोरी झाल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. "ताई, तू केलेलंच कुलूप बसवीन हं," असं तिनं बजावून ठेवलं होतं.

नव्या चिपचा दंडक कडक होता. प्रोग्रामनं ऐनवेळी पुढच्या सूचनेचा पत्ता काढून तिकडे उडी मारली, तर खूण असेल तिथेच उतरायचं. नाहीतर चिप काम थांबवी. चोरानं ती उडी भलतीकडे वळवू नये म्हणून ही सोय. इतर भागांत कंपायलर, म्हणजे चिपच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, खुणा आपोआप घाली. असेंब्लीत मात्र माणसानं बसून, विचार करून घालायच्या. आणि एका जरी फाइलवर 'खुणा घातल्या आहेत' अशी हमी नसली, तर सगळ्या प्रोग्रामचं संरक्षण बंद.

"मग हमी लावून टाका," साहेब म्हणाले.

"आधी खुणा तर घालू द्या!"

"बाई, खुणा कोण बघतंय? तपासनीस हमी बघतात."

हमी लागली. बिचाऱ्या चिपनं ती खरी मानली. पहिल्याच उडीला खूण सापडेना, तशी चिप थांबली आणि चाचणीचं कुलूप जाम झालं. ते बैठकीच्या खोलीला बसवलेलं होतं, आणि आत साहेब अख्ख्या समितीसह बसले होते.

समितीनं वेळ फुकट घालवला नाही. सुतार दार काढेपर्यंत आत एकमतानं ठराव झाला: खुणांचा तुटवडा हेच अपयशाचं मूळ असल्यामुळे यापुढे प्रत्येक ओळीवर खूण असावी.

"अहो, मग चोर वाटेल तिथे उतरेल!" बाई कळवळल्या.

"उतरू दे की. अधिकृत जागीच उतरेल ना?"

तपासनीस आले. इतक्या खुणा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या. ते अगदी गहिवरले. बाईंनी सही नाकारून लेखी हरकत घेतली. ती त्यांनी आदरानं वाचली आणि 'हरकत घेण्याची सोय' या सदरात कारखान्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

कुलपं बाजारात गेली. बहिणीचा फोन आला.

"ताई, बसवलं गं! हिरवा दिवा लागलाय."

"दाराला आतून कडी आहे ना? ती लाव."

"इश्श! कडीच लावायची, तर एवढं कुलूप कशाला?"

"कुलूप तपासनिसांसाठी. कडी चोरांसाठी."

बहीण पुटपुटली, पण उठून कडी लावून आली.

हिरवा दिवा तुमच्याही दारावर लागला असेल. तुम्हाला फोन करायला कुणी ताई आहे का?