मातृभाषेचा रकाना

आमच्या शाळेत पोराचं नाव घालायला आलेल्या आईबापांना कुंडलवाडीकर भाऊसाहेब जन्मदाखला नंतर मागतात. आधी विचारतात, "घरी पोराला रागावता कोणत्या भाषेत?"

ऐकणारा गोंधळतो. एका बाईला वाटलं, पोरांना मारणाऱ्यांना इथं प्रवेशच देत नसतील. तिनं शपथेवर सांगितलं, आम्ही रागवतच नाही. तेवढ्यात तिच्या पोरानं टेबलावरचं शिक्क्याचं पॅड तिच्या साडीवर पालथं केलं, आणि भाऊसाहेबांना उत्तर मिळालं.

भाऊसाहेब म्हणजे बिडकीन रस्त्यावरच्या आमच्या मराठी शाळेचे क्लार्क. मी तिसरीला शिकवते आणि माझा वर्ग त्यांच्या खोलीला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. प्रवेशाच्या रजिस्टरात मातृभाषेचा एक रकाना असतो. दुसरीकडं तो 'मराठी' आणि खाली 'वरीलप्रमाणे' असा पानभर भरून टाकतात. भाऊसाहेबांना ते पाप वाटतं. ऑफिसात आलेला माणूस कोणतीही भाषा सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

"रागात खोटं बोलता येत नाय, मॅडम," ते मला म्हणाले होते.

गंगापूरकडच्या एका मेंढपाळानं सांगितलं, मेंढरांना जी लावतो तीच पोरांना. भाऊसाहेबांनी ती ऐकवायला सांगितली. त्या आरोळीनं चौथीचा अख्खा वर्ग दारात येऊन उभा राहिला. भाऊसाहेबांनी समाधानानं 'धनगरी' लिहिलं. पोरीचं नाव घालायला आलेल्या शबानाबी म्हणाल्या, गुस्सा आया तो मराठी, लाड आया तो उर्दू. रकान्यात जागा एकाच भाषेची. भाऊसाहेबांनी मुंगीएवढ्या अक्षरात दोन्ही बसवल्या.

कॉम्प्युटरवर मात्र भाषांची ठरलेली यादी. तीत धनगरी नाही, वडारी नाही. सगळ्यात खाली 'इतर'. या शब्दाशी भाऊसाहेबांचं वैर. 'इतर'मधी कोणी लेकराला निजवलंय का, असं ते कॉम्प्युटरलाच विचारायचे.

मग निवडणुका जवळ आल्या आणि वॉर्डातल्या पुढाऱ्यांना या रजिस्टराचा सुगावा लागला. एक जण येऊन म्हणाले, मराठी शाळा आहे, सगळ्यांची मातृभाषा मराठीच लिहा. दोन दिवसांनी दुसरे आले. त्यांचं म्हणणं, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची उर्दू लिहा, म्हणजे उर्दूची तुकडी मागता येईल. भाऊसाहेबांनी दोघांनाही चहा पाजला आणि आपला प्रश्न विचारला. पहिले उत्तर देणार, तोच त्यांच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्याला ते पाच मिनिटं अस्खलित हिंदीत झापत होते. दुसऱ्यांच्या शर्टावर चहा सांडला, तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघालं ते पैठणच्या बाजारात शोभेल अशी मराठी होती. भाऊसाहेब दोघांच्या बाबतीत फक्त मान डोलवत राहिले.

आठ दिवसांत वरून कागद आला. यादीबाहेरच्या भाषा रजिस्टरात का लिहिल्या, याचा खुलासा करा. मुख्याध्यापकांना घाम फुटला. ते म्हणाले, खोडा आणि मोकळे व्हा. भाऊसाहेबांनी खुलासा लिहिला तो चार ओळींचा. पालकांनी जे सांगितलं ते लिहिलं आहे. खोडायचं तर आधी त्या आयांना खुलासा द्यावा लागेल, त्याची एक प्रत आपल्याकडं पाठवीन. त्यांची वर्षाची वेतनवाढ थांबली. रजिस्टर जसंच्या तसं राहिलं.

एवढं कशासाठी, ते मला कळत नव्हतं. मी ते हट्टीपणात जमा केलं होतं.

त्याच सुमारास माझ्या वर्गात सुगुणा आली. तिचे आईवडील तेलंगणातून इमारतींच्या सेंट्रिंगच्या कामावर आलेले. तीन आठवडे पोरगी एक अक्षर बोलली नाही. तिला ऐकू येतं की नाही, अशी मला शंका यायला लागली. मी भाऊसाहेबांना तसं म्हटलं, तर त्यांनी रजिस्टर उघडून तिच्या नावापुढचा रकाना पाहिला.

एक दिवस जेवणाच्या सुटीत मी त्यांच्या खोलीत गेले. दोघं जमिनीवर बसली होती. सुगुणापुढं शाळेतल्या खिचडीची ताटली, भाऊसाहेबांपुढं रिकामा डबा. ते एक शब्द बोलायचे, ती खुदकन हसून तो दुरुस्त करायची. मला पाहून ते ओशाळले. मग सांगितलं, त्यांच्या घरी, तेलंगणाच्या सीमेवरच्या कुंडलवाडीला, तेलुगूच होती. आई गेली तेव्हा ते दुसरीत होते. वडील इकडं घेऊन आले. शाळेत तेलुगू शब्द निघाला की छडी बसायची, म्हणून वर्षभरात सोडली.

"पाणी आठवतं, झाड आठवतं," ते म्हणाले. "अख्खं वाक्य येत नाय. आईला जेवायला कसं मागायचो, तेवढं हिला विचारतोय."

त्यांनी तोंडाकडं हात नेऊन पुन्हा खूण केली. सुगुणा, मी फळ्यावर शिकवते तशी, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "अम्मा, अन्नं पेट्टु."

भाऊसाहेबांचं दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

सुगुणानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग स्वतःच्या ताटलीतली अर्धी खिचडी हातानं त्यांच्या डब्यात घातली. भाऊसाहेब मान खाली घालून ती शेवटच्या शितापर्यंत खात राहिले.