एका मायची मच्छी

सुखदेवजी रोज सकाळी चहाच्या आधी आपल्या बोडीचा ताप बघत. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. ताप बघत तोही डॉक्टरांकडून मागून आणलेल्या, काखेत धरायच्या थर्मामीटरनं. हिवाळ्याच्या गार पाण्यात पारा जागचा हलायचा नाही. "ताप नाई," म्हणत ते समाधानानं वर यायचे.

१९८० सालाच्या आसपास मी एकोडीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि त्यांचा शेजारी होतो. मी त्यांना पाण्यात चालणारा थर्मामीटर आणून दिला आणि फसलो. दिवसातून तीनदा ते आकडे सांगायला माझ्या दारात उभे राहू लागले.

त्यांच्या बोड्या दोन. एक मोहाच्या सावलीत, दुसरी उघड्यावर. दोन्हींत त्यांनी रोहू माशाचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, सोडलं. विकणाऱ्याला बजावलं होतं, "सारे पिल्ले एकाच मायचे पाहिजेत." उघड्या बोडीतलं पाणी उबदार, तिथले मासे भराभर वाढले. सुखदेवजी खूश. पण त्यातलेही काही लहानच राहिले.

"काहून, मास्तर? माय एक, पाणी एक, कोंडा एक."

मी सांगितलं, आईबापांचे गुण प्रत्येक पिल्लात वेगळे उतरतात.

"म्हणजे वाटणी बरोबर झाली नाई," ते म्हणाले. "वावरासारखीच."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला, वच्छलाला बघायला मोहाडीचे पाहुणे आले. मीही होतो. वच्छला ठेंगणी. पोहे खाता खाता मुलाची आत्या सुखदेवजींच्या बायकोला, गीताबाईंना म्हणाली, "पोरगी लहानच राहिली. लहानपणी पोटभर खायले भेटलं नाई का?"

गीताबाईंनी मान खाली घातली.

सुखदेवजी उठले. सगळ्यांना उघड्या बोडीवर नेलं, जाळं टाकलं आणि दोन मासे काढले. एक हातभर, दुसरा वीतभरही नाही.

"बाई, हे दोघं एका मायचे, एका पाण्यातले. आता सांगा, या लहान्याले कोनं उपाशी ठेवलं?"

पाहुणे चहा न घेताच गेले. सोयरीक जमली नाही.

मला वाटलं, सुखदेवजी खुशीत असतील. ते मासे पाण्यात सोडून पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, बसले होते.

"माह्या मायनं हाच सवाल वच्छलाच्या मायले जिंदगीभर केला, मास्तर. मी तिथंच बसून राहो. एक शब्द बोललो नाई."

मागून गीताबाई कोंड्याची टोपली घेऊन आल्या. बोडीवर त्या कधी येत नसत. सुखदेवजींनी सरकून जागा केली.

"त्या लहान्याले कुठं सोडलं?" गीताबाईंनी विचारलं.

सुखदेवजींनी बोट दाखवलं. गीताबाईंनी पहिली मूठ तिथे टाकली.