राणीफुलाने तळे गिळिले त्याची बखर

श्रीगजवदनास दूर्वा वाहिली, कुलस्वामिनीस भंडारा उधळिला, आणि मग लेखणी हाती धरिली. शके सोळाशे ब्याऐंशी, विक्रमनाम संवत्सरी, एके राज्यी हैबतराव महाराज गादीवर होते. राजवाड्यापुढे थोर तळे, तळ्याकाठी नगर, आणि राणी दर्याबाईसाहेब. बाईसाहेबांचे माहेर उजाड मुलखातले. तेथे बाभळीवाचून झाड दिसत नसे, आणि फूल म्हणावे तर देवापुढचे तेवढेच. म्हणोन सासरी येताच त्यांनी बागेचा ध्यास घेतला. बकुळ लाविली, सोनचाफा लाविला, गुलाबाचे ताटवे केले, आणि स्वतः पदर खोचून आळी करू लागल्या, तेणेकरून दासींस संकोच वाटे. महाराज हसून म्हणत, "राणीसाहेब, आम्ही मुलूख जिंकावा आणि तुम्ही तो हिरवा करावा, ऐसा करार असो." ऐसा उभयतांचा जीव एकमेकांवर होता.

मग महाराज फौज घेऊन दूरदेशी मोहिमेस गेले, आणि त्याच साली बंदरावरून एक टोपीकर सौदागर दरबारी आला. त्याने नजराण्यात पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ ठेविले. घंगाळात एक रोप तरंगत होते. देठ फुगीर, पान गोल, आणि वर जांभळ्या फुलांचा तुरा, ज्याचे एके पाकळीवर मोराच्या पिसासारखा डोळा. बाईसाहेब ते पाहताच घंगाळाशी गुडघे टेकून बसल्या. रोप बागेतील हौदात सोडिले. महिना लोटला तो हौद भरून गेला. बाईसाहेबांस आनंद मावेना. म्हणाल्या, "एवढी माया कोणते झाड लावते?" आणि जास्तीची रोपे आपल्या हाताने तळ्यात सोडिली. नगरच्या बायांनी ती फुले वेणीत माळिली, देवास वाहिली, आणि त्यांस नाव दिले राणीफूल. बाईसाहेबांनी ताकीद केली की महाराजांस याचे वर्तमान कोणी कळवू नये, परत येतील तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.

पुढे दुसरा पावसाळा सरला आणि तळे दिसेनासे झाले. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवेगार, वर जांभळी झाक. होड्या अडकल्या, मासे मरून कुजले, डासांनी नगर उठविले, घरोघरी हिवताप शिरला. तेव्हा भोयांची बायामाणसे वाड्यावर आली. त्यांत तान्ही नावाची भोईण पुढे होती. तिचा नवरा तापाने गेला त्यास पंधरवडा झाला होता. ती म्हणाली, "बाईसाहेब, तळं मेलं. जाळं टाकावं तर वरच्या वर राहतं. ह्ये उपटायचा हुकूम द्या." विसाजीपंत दिवाण जवळ होते. ते म्हणाले, "राणीसाहेबांनी लाविलेले फूल उपटावे म्हणतेस? जीभ आवर." बाईसाहेबांचे मनात किंचित चलबिचल झाली. परंतु खिडकीतून पाहिले तो फुले उन्हात डुलत होती. मग म्हणाल्या, "महाराज येऊन एकदा पाहू देत. मग ठरवू." तान्ही मागे फिरली.

ऐसे असता विजयादशमीचे दिवशी वार्ता आली की महाराज फत्ते करून येत आहेत. नगरात आनंद जाहला. गुढ्या तोरणे उभारिली, नगारखाना झडू लागला, तोफांस बत्ती दिली, आणि बाईसाहेब पंचारती घेऊन घाटाचे पायरीवर उभ्या राहिल्या. महाराजांस दम कोठला? फौज मागे टाकून एकटेच घोडी फेकीत पैलतीरी आले आणि लगाम खेचून उभे राहिले. गेले तेव्हा येथे पाणी होते. आता पाहतात तो विस्तीर्ण हिरवे कुरण, फुलांनी नटलेले, आणि पलीकडे राणी. महाराजांस वाटले, राणीसाहेबांनी तळे बुजवून आमच्यासाठी बाग केली. बाईसाहेबांनी घोडीचे तोंड सरळ आपल्याकडे वळलेले पाहिले आणि एका क्षणात सर्व उमजले. आरती हातून सुटली. दोन्ही हात वर करून त्या ओरडल्या, "थांबा! पाणी आहे! पाणी!" घाटावरचे सारे लोक ओरडू लागले. तिकडे नगारे, तोफा, शिंगे. महाराजांनी तो जयजयकार समजला, राणीने हात उंचावले ते स्वागत समजले, आणि हसून आपणही हात उंचाविला. मग घोडीस टाच मारिली.

घोडी चार ढांगा आत गेली आणि नाहीशी झाली. पाणी उसळले नाही की आवाज आला नाही. हिरवळ फाटली आणि पुन्हा मिळाली. नगारजीचे हात टिपऱ्यांसकट वरच राहिले. पोहणारांनी उड्या टाकिल्या, परंतु मुळांचे जाळे ऐसे की हातपाय गुंतले, दोघांस दोर टाकून ओढून काढावे लागले. सूर्य मावळला. महाराज सापडले नाहीत.

दुसरे दिवशी सकाळी दिवाण येऊन म्हणाले, "देह मिळत नाही, तरी शास्त्रात तोड आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यावा." बाईसाहेब रात्रभर घाटावरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंत, आणखी एक झाड मजपुढे आणू नका." इतके बोलून उठल्या आणि शालूसकट पायऱ्या उतरून छातीइतक्या पाण्यात शिरल्या. सरदार, मानकरी, भटभिक्षुक थिजून पाहत राहिले. पडद्यातली राणी चिखलात उभी राहून दोन्ही हातांनी पाने ओरबाडते, ऐसे कोणी देखिले नव्हते. पाने तुटून हाती येत आणि मुळे तेथेच राहत. भोई काठावर उभे होते. कोणी हलेना. मग तान्हीने कासोटा घातला आणि पाण्यात उतरली. म्हणाली, "मुळाशी धरा, बाईसाहेब. मी खालून कापते, तुम्ही ओढा." बाईसाहेबांनी तिजकडे पाहिले. "तुझा घरधनी गेला तरी आम्ही तुझे ऐकिले नाही, तान्हे." ती म्हणाली, "ते मागनं बोलू. आधी धनी शोधू." मग भोई उतरले, माळी उतरले, सरदार पागोटी काठावर ठेवून उतरले, आणि शेवटी विसाजीपंतही उतरले. ढिगांनी काठ भरले, त्यांस कुजका वास सुटला, तरी कोणी हटले नाही.

चौथे दिवशी महाराज सापडले. एक पाय रिकिबीत होता आणि मुळे अंगाभोवती गुंडाळली होती. बाईसाहेबांनी ती एकेक करून आपल्या बोटांनी सोडविली. दुसऱ्या कोणास हात लावू दिला नाही. तोवर रडल्या नव्हत्या. मुख मोकळे केले तेव्हा टाहो फोडिला, तो नगरच्या वेशीपर्यंत ऐकू गेला.

पुढे बाईसाहेबांनी दत्तक घेऊन कारभार चालविला. तळे साफ व्हावयास तीन वर्षे लागली, आणि दरवर्षी त्या स्वतः पाण्यात उतरत. म्हातारपणी नातसुनेने विचारिले, "आजीसाहेब, ते फूल दिसावयास कैसे होते?" सभोवती बसलेल्या बायांनी तिला डोळ्यांनी दटाविले. बाईसाहेब तळ्याकडे पाहून म्हणाल्या, "फार सुंदर होते. खोटे कशास बोलू?"

राज्य होते, तळे होते, फूल आले, राजा गेला, तळे राहिले. घडले तितके लिहिले. वाचणाराचे कल्याण असो.