आचलच्या बाबांचा ओला टॉवेल

आंघोळ करून खुशालरावांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि बायकी, बारीक आवाजात म्हणाले, "टाकला ना आचलच्या बाबानं पलंगावर. सांगून सांगून जीभ झिजली माह्यी, पण हा माणूस ऐकन तर शपथ."

मग त्यांनीच टॉवेल उचलून दोरीवर वाळत घातला.

आचलचे बाबा म्हणजे ते स्वतःच. रुख्मिणीनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, आणि रागावली की ती त्यांच्याशी बोलतही नसे. काय सांगायचं ते शेगडीला सांगे, नाहीतर भिंतीला. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. खुशालरावांनी सुरुवातीला 'मी गोळी घेतो' असं स्वतःला बजावून पाहिलं, पण स्वतःचं ते ऐकत नसत. 'आचलच्या बाबानं गोळी घेतली नाई वाटते' म्हटलं की हात आपोआप डबीकडे जाई.

भिंतीपलीकडे शेजारच्या पौर्णिमाबाई वांगी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. ओल्या टॉवेलवरून इतकी चिडणारी बाई पाहुणी नसते, एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं. त्यांनी अकोल्याला आचलला फोन लावला.

"मी काई म्हणत नाई, बाई. पण तुह्या बाबाच्या घरात कोणी बाई हाय. अन् पक्की हाय. गोळ्याची आठवणबी तेच करून देते."

दुपारी आचल अमरावतीला बाबांच्या दारात उभी होती. मागे तिचा नवरा गजेंद्र. वाटेत मूर्तिजापूरपासून बायको एक शब्द बोलली नव्हती, म्हणून तो उगाच घाबरलेला.

आचल तडक स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर चहाचे दोन उष्टे कप होते.

"बाबा, हा कप कोनाचा?"

"माह्या."

"अन् हा?"

"तोबी माह्याच."

"आईले वर्षबी झालं नाई, बाबा."

आता खुशालरावांच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगावं, तर पोरगी म्हणेल डोकं फिरलं, आणि घराला कुलूप लावून अकोल्याला नेईल. न सांगावं, तर बाप आईला विसरला असं जन्मभर मनात धरेल.

"मामाजी, असन कोणी तर सांगून टाका," गजेंद्र सासऱ्यांना हळूच म्हणाला. "मी समजून घेईन."

"तुमी गप बसा. बाहेर चला," आचल म्हणाली आणि त्याला घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसली.

"चहा मांडतो," म्हणून खुशालरावांनी दूध शेगडीवर ठेवलं. चित्त ठिकाणावर नव्हतं. दूध वर आलं, उतू गेलं, आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "गेलं दूध. आचलच्या बाबाचं ध्यान असते कुठं? समोर उभा राह्यते अन् खांबासारखा पाह्यते."

आचल धावत आली. तिनं दारामागे पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. कोणी नव्हतं. बाबा फडक्यानं ओटा पुसत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा, हे तं आईचं बोलणं हाय."

"हो."

"कवापासून?"

"ती गेल्यापासून. कोणी बोललं नाई त मले काई जमत नाई, पोरी. तिच्या वाटचा चहाबी मीच पेतो."

आचल स्टुलावर बसली. आधी रडली, मग तिला हसू आवरेना. गजेंद्रनंही सुटकेचा निःश्वास टाकला. खुशालराव मात्र 'चला अकोल्याले' या शब्दांची वाट बघत फडकं पिळत राहिले.

आचलनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे न बघता शेगडीला म्हणाली, "आचलच्या बाबाले म्हणा, उरल्या दुधाचा चहा करा. दुसरा कप आज मले पाह्यजे."

संध्याकाळी बाबांसमोरच पौर्णिमाबाईंना खरं काय ते सांगून दोघं अकोल्याला परत गेले. दोघंच.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर खुशालरावांनी टॉवेल थेट दोरीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आज आचलच्या बाबानं टॉवेल दोरीवर टाकला हो."

भिंतीपलीकडे भाजी चिरायचा आवाज थांबला.

"ऐकलं पौर्णिमानं," आवाज आला. "आता पौर्णिमाले भाजी करू द्या."