बिनआवाजाचा पंखा

अ‍ॅम्प्लिफायरला पंखा बसवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. तळहाताएवढा पंखा. संसारी माणसाने ह्याहून लहान काही ठरवलं असेल तर मला कळवा. (लग्न धरू नका. ते माझं इतरांनी ठरवलं होतं.)

पंख्याची पाळी आली ती साडूमुळे. जगातल्या बहुतेक अनर्थांच्या मुळाशी एखादा साडू असतो असं माझं मत आहे, आणि आमच्या साडूला एकदा भेटलात की तुमचंही होईल. ह्या गृहस्थाकडे गाणी ऐकायची जी यंत्रणा आहे, तिच्या वायरी अजगराएवढ्या जाड आहेत. म्हणे, "ह्यातून आवाज मोकळा येतो." पूर्वी काय रांगत यायचा? आणि एवढं करून ऐकतो काय, तर बातम्या!

आमचे सासरे निवृत्त घड्याळजी. चाळीस वर्षं टिकटिक ऐकून त्यांचे कान असे तयार झालेत, की शेजारच्या इमारतीतलं घड्याळ मागे पडलं तर हे इकडे अस्वस्थ होतात. त्यांच्याकडे चारशे रेकॉर्डींचं कपाट आहे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी त्या कपाटाच्या प्रेमात पडलो. त्यांची धाकटी मुलगी कपाटापुढे उभी होती, एवढाच तिचा दोष.

तर ह्या सासऱ्यांनी एके दिवशी जाहीर केलं, "आता मला उठून रेकॉर्डी बदलणं होत नाही. दोघा जावयांपैकी ज्याच्याकडे नीट वाजतील त्याने न्याव्यात. पण मी परीक्षा घेणार."

परीक्षा अशी : एकट्या बासरीची रेकॉर्ड, एक बाजू, बावीस मिनिटं. मध्ये बंद पडता कामा नये, आणि मध्ये दुसरं काही वाजता कामा नये.

पहिला मान थोरल्या जावयाचा. नवव्या मिनिटाला सासरे पाणी प्यायला उठले, एका अजगरात पाय अडकला आणि ते थेट स्पीकरच्या गळ्यात पडले. साडू नापास! मी तोंडावर दुःख आणलं. (फार वेळ टिकलं नाही.)

"हसू नकोस," साडू म्हणाला. "तुझा डबा अठराव्या मिनिटाला तापून बंद पडतो, ठाऊक आहे मला."

हे दुर्दैवाने खरं होतं. बायकोला बैठकीच्या खोलीत यंत्रं दिसायला नकोत, म्हणून तिने दारांचं कपाट करवून घेतलं. सुतार एवढा हुशार, की त्याने अ‍ॅम्प्लिफायर आधी आत ठेवला आणि मग भोवती चौकट ठोकली. आता तो बाहेर काढायचा तर कपाट तोडावं लागेल, आणि कपाट तोडलं तर बायको मला तोडेल. दारं उघडी ठेवून पाहिली, तर एकोणीस मिनिटं टिकला. म्हणून पंखा.

दुकानात मिळणाऱ्या पंख्यांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, 'कुजबुजीपेक्षा शांत'. कुणाच्या कुजबुजीपेक्षा? आमच्या ऑफिसातली कुजबुज तीन मजले ऐकू जाते. मी पहिला पंखा कानाशी धरला.

"शिट्टी येतेय," मी तुच्छतेने म्हणालो.

दुकानदाराने दुसरा दिला.

"ह्यालाही येतेय. कसला माल ठेवता हो तुम्ही?"

"साहेब, हा अजून जोडलेला नाही."

"न जोडता एवढा वाजतो, मग जोडल्यावर काय होईल?"

दुकानदाराने दुसरा पंखा माझ्या हातातून काढून घेतला. मग त्याने तिसरा पंखा स्वतः जोडला, फिरतोय हे दाखवायला पुढे कागद धरून फडफडवला, आणि "हाच घ्या, आणि कृपा करा" असं म्हणून मला जवळजवळ ढकलतच पायरीपर्यंत पोचवलं. हल्ली धंदेवाल्यांना दर्दी गिऱ्हाइकाची किंमत नाही.

घरी आणून कपाटाच्या मागच्या भोकात पंखा बसवला. अ‍ॅम्प्लिफायर तासभर गार. पण कान लावला की ती बारीक शिट्टी होतीच. दुकानदाराने शेवटी फसवलंच म्हणायचं! तरी खात्री करावी म्हणून मी फ्रिज बंद केला. शिट्टी होती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. होती. मोरीतल्या नळाला फडकं बांधलं, छताचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. तरी होतीच.

"तुला ऐकू येत नाही?" मी बायकोला विचारलं.

"मला तर काही वेगळं ऐकू येत नाहीये."

"तुझ्या कानांना सवय झालीय."

"वीस वर्षांत कशाकशाची सवय झालीय, अहो, ते मोजायला बसले तर फ्रिजमधलं दूध नासेल. आधी तो चालू करा."

परीक्षेच्या दिवशी मी सगळा बंदोबस्त पुन्हा केला. सासरे मधल्या खुर्चीत, सोफ्यावर साडू आणि मेव्हणी, दाराशी बायको. खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. खोलीत वाऱ्याची एकच झुळूक होती आणि ती अ‍ॅम्प्लिफायरसाठी राखीव होती.

"माणसं शिजतायत आणि डब्याला वारा!" साडू घाम पुसत म्हणाला.

"डबा वाजतो. माणसं नुसतीच बोलतात," मी सुनावलं.

बासरी सुरू झाली. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. सतरावं सरलं तसा मी श्वास रोखून कपाटाकडे पाहत राहिलो. अठरावं मिनिट आलं... आणि गेलं! एकोणिसावंही गेलं. मी सुटकेचा असा श्वास सोडला म्हणता!

सासऱ्यांनी हात वर केला. बायकोने रेकॉर्ड थांबवली.

"जावईबापू, ही एकट्या बासरीची रेकॉर्ड ना?"

"हो बाबा."

"मग साथीला कोण आहे?"

सासरे उठले. त्यांनी कपाटाला कान लावला, मग पंख्याला, मग दोन्ही स्पीकरना. "इथे नाही," ते पुटपुटले. साडूच्या छातीपाशीही थांबून ऐकलं. (तिथे काही सापडेल अशी मला आशा होती.) मग तसेच, डोळे मिटून, कान पुढे करून ते माझ्याकडे आले आणि माझ्या नाकापासून दोन बोटांवर थांबले.

"डावी नाकपुडी," सासरे म्हणाले.

"अगंबाई, ती होय!" बायको म्हणाली. "ती तर लग्नापासून आहे. मला वाटलं, तुम्ही पंख्याचं विचारताय."

सोफ्यावर साडू उशीत तोंड खुपसून हसत होता. मोठ्या माणसाला शोभत नाही असं.

सासरे पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी निकाल दिला. "यंत्र उत्तम. पंखा निर्दोष. रेकॉर्डी ह्याच घरात येतील."

"बाबा!" मी पाया पडायला वाकलो.

"पण धाकटीकडे. आणि त्या वाजत असताना जावईबापूंनी आत बसायचं नाही. चला, आता शांतपणे पहिल्यापासून ऐकू."

मेव्हणीने उठून खिडक्या उघडल्या, छताचा पंखा लावला. त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. मी माझ्याच घरातून, माझ्याच पंख्याला सोडून, स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसलो. मागून दार लागलं. आत बासरी सुरू झाली. मी दाराला कान लावला. काय सांगू, असा स्वच्छ आवाज त्या अजगरवाल्याच्या सात पिढ्यांनी ऐकला नसेल! माझे डोळे मिटले. संथ लयीत श्वास चालू होता.

दोन मिनिटांनी आतून सासऱ्यांचा आवाज आला.

"जावईबापू, जरा जिन्यात बसता का?"