भयासुराची गादी

भयासुराच्या शवपेटीत भावजींनी गादी बसवली आणि तिथून सगळं बिनसलं. तशी त्यात भावजींची काही चूक नव्हती. त्यांचं गाद्यांचं दुकान होतं, मेहुण्याची पाठ दुखत होती आणि मेहुण्याची शवपेटी अकरा महिने त्यांच्याच गोदामात डबल बेडच्या गाद्यांना टेकून पडली होती. चांगल्या मनाच्या माणसाला याहून जास्त निमित्त लागत नाही.

"बघ तरी!" भावजींनी कौतुकानं झाकण उघडलं. "चार इंची फोम, वर कापसाचा थर, त्यावर काळी मखमल. उशीपण दिलीय, मानेला आधार देणारी. घरचा माणूस म्हणून सगळ्यात वरचा माल वापरला."

भयासुर बघतच राहिला. "भावजी, यात मी मेलेला असतो."

"मग? मेलेल्या माणसाला पाठ नसते का?"

"आणि इथे डाव्या खांद्याशी एक खिळा होता. तो कुठाय?"

"उपटून टाकला! केवढा गंजला होता तो. धनुर्वात झाला असता तुला."

भयासुरानं कपाळाला हात लावला. त्या खिळ्याचं महत्त्व भावजींना काय, खुद्द त्याच्या बँडलाही माहीत नव्हतं. गेली तीस वर्षं त्याचा कार्यक्रम एकाच पद्धतीनं सुरू होत असे. काळोख, धूर, मधोमध शवपेटी. ड्रमवाला दहा मिनिटं एकटाच वाजवायचा, मग सात संथ ठोके द्यायचा आणि सातव्या ठोक्याला भयासुर झाकणाला लाथ मारून, काळे ओठ फाकून, अशी किंकाळी फोडायचा की पहिल्या रांगेतल्या लोकांच्या हातातली सरबतं सांडायची. त्या किंकाळीवर दोनदा वर्तमानपत्रांत लेख आले होते. ती किंकाळी त्या खिळ्याची होती. सातव्या ठोक्याला भयासुर खांदा जरा डावीकडे सरकवायचा, बाकीचं आपोआप व्हायचं.

"गादी काढा," तो म्हणाला.

"चिकटवलीय," भावजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की भयासुराला पुढे बोलवेना.

तेवढ्यात ताई काळा झगा इस्त्री करून घेऊन आली. ताई म्हणजे भयासुराची थोरली बहीण. तीस वर्षं त्याचे झगे शिवणं आणि त्यावरचं खोटं रक्त धुणं हे तिचंच काम होतं. तिच्या मते रक्ताचे डाग थंड पाण्यानं जातात, पण लाडावलेला भाऊ कशानंच ताळ्यावर येत नाही.

"बबड्या, आजचं लक्षात आहे ना? तू शब्द दिलायस."

लक्षात होतंच. त्याच काळजीनं तीन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पूर्वी त्याच्या कार्यक्रमात माणसं घेरी येऊन पडत. आता लोक पोराबाळांना घेऊन येत आणि पोरं त्याच्या मांडीवर बसून फोटो काढत. तेही चाललं असतं, पण गेल्या कार्यक्रमात लोक मधेच उठून गेले होते. सभागृहातल्या खुर्च्या आपोआप मिटणाऱ्या. माणूस उठला की बैठक खट् करून वर जाते. स्टेजवर कितीही गोंगाट असो, ते खट् भयासुराला बरोबर ऐकू येई. त्या दिवशी त्यानं त्रेचाळीस खट् मोजले होते.

आज कार्यक्रम बघायला दौरे ठरवणाऱ्या कंपनीच्या बाई येणार होत्या. त्यांना आवडलं तर तीस गावांचा दौरा. नाही आवडलं, तर सोमवारपासून सकाळी दहाला भावजींच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असा शब्द त्यानं ताईला दिला होता.

"आणि दुकानात काही वाईट नाही हं," ताई म्हणाली. "तुझा आवाज तरी बरा होईल. माझ्या दोन्ही पोरांना तूच गाऊन झोपवायचास. काय गोड गळा होता! त्याची पार वाट लावलीस."

"ताई, हे बँडसमोर बोलू नकोस," भयासुर घाबरून म्हणाला.

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तो पेटीत आडवा झाला. गळ्याशी माईक लावलेला होता. हा माईक एका यंत्राला जोडलेला असे. ते यंत्र माणसाचा आवाज खोल नेऊन, त्याला घुमारा देऊन बाहेर सोडायचं. साधं खोकलं तरी विहिरीच्या तळातून कुणी हाक मारल्यासारखं वाटे. झाकण बंद झालं. आत गडद काळोख, मऊ मखमल आणि मानेला आधार. भयासुराची दुखरी पाठ गादीत रुतली आणि त्याला एकदम बरं वाटलं. 'भावजींचा हात मात्र कसबी आहे,' असं काहीतरी त्याच्या मनात आलं. बाहेर ड्रमवाल्यानं सुरुवात केली.

पुढचं सगळं भयासुराला नंतर ड्रमवाल्याकडूनच कळलं. तो स्वतः तिथे होता खरा, पण त्याचा उपयोग नव्हता.

दहा मिनिटं झाली, सात ठोके झाले, झाकण काही उघडलं नाही. ड्रमवाल्यानं पुन्हा सात दिले. मग आणखी सात. गिटारवाल्यानं डोळ्यांनी विचारलं, उघडू का? ड्रमवाल्यानं मान हलवली. कारण बँडमध्ये नियम एकच होता आणि तो भयासुरानंच घातला होता: आभाळ कोसळलं तरी पेटीला हात लावायचा नाही. पूर्वी एकदा एका नव्या मुलीनं घाईत झाकण लवकर उघडलं होतं आणि दोन हजार लोकांना भयासुर चष्मा लावून, तोंडात खोकल्याची गोळी घोळवताना दिसला होता. त्यातून सावरायला त्याला दोन वर्षं लागली होती.

तेवढ्यात पेटीतून आवाज आला.

आधी बारीक घरघर आली. यंत्रानं ती खोल नेली, घुमवली आणि चारही बाजूंच्या कर्ण्यांतून सोडली. सभागृहातली जमीन थरथरली. मग ती घरघर वाढत वाढत टिपेला गेली आणि एकदम थांबली. भयासुराचं घोरणं तसंच होतं. मधेच श्वास अडकायचा आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. ताईनं त्याला कितीदा डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. पण आत्ता त्या शांततेत दोन हजार माणसं श्वास रोखून बसली होती. दहा सेकंद गेले, बारा गेले. पहिल्या रांगेत दंडभर कवट्या गोंदवलेला एक दांडगा गडी बसला होता, त्यानं शेजारच्या अनोळखी आजोबांचा हात घट्ट धरला. मग पेटीतून असा हंबरडा बाहेर पडला की बाल्कनीत कुणीतरी किंचाळलं.

हे पन्नास मिनिटं चाललं. ड्रमवाला मधून मधून एखादा ठोका द्यायचा, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. शेवटी शेवटी तर पेटीतून पाताळातला आवाज आला, "पांघरूण... माझं पांघरूण कुणी ओढलं..." आणि चार बायका रडायलाच लागल्या. ड्रमवाल्यानं घाबरून पडदा पाडायची खूण केली. चौघांनी पेटी उचलून आत नेली.

आत नेताना ती दाराला आपटली, तेव्हा भयासुर जागा झाला. झाकणाला लाथ मारून, काळे ओठ फाकून तो उभा राहिला. समोर ताई थर्मास घेऊन उभी होती.

"सातवा ठोका झाला?" त्यानं विचारलं.

"सातवा? अहो, दोनशे तरी झाले," ड्रमवाला म्हणाला.

भयासुराला काय ते समजलं. तो पेटीच्या काठावर बसला आणि तोंडाचा काळा रंग ओघळेपर्यंत रडला. "झोपलो मी, ताई. तीस वर्षांचं सगळं मातीत घातलं. सोमवारी दुकान किती वाजता उघडायचं म्हणालीस?"

"दहाला," ताई म्हणाली आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

एवढ्यात दार उघडलं. कंपनीच्या बाई आल्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"अहो, काय हे!" त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं असले कार्यक्रम बघतेय मी. रक्त बघितलं, आग बघितली, साप बघितले. आज पहिल्यांदा मी खुर्चीचा हात सोडला नाही. आणि कमाल म्हणजे तुम्ही बाहेरच आला नाहीत! आत काय आहे ते शेवटपर्यंत दाखवलंच नाही! एकही माणूस उठला नाही हो."

"एकही नाही?" भयासुरानं नाक पुसत विचारलं.

"कुणाची हिंमत होती उठायची? तीस गावं पक्की. फक्त अट एकच. हेच हवं. पेटी उघडायची नाही, गाणी नकोत, आणि तो आवाज अगदी असाच."

भयासुरानं ताईकडे पाहिलं. ताईनं थर्मासकडे पाहिलं. घोरण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

अडचण आली ती पुढच्या आठवड्यात, तालमीला. बाई समोर बसल्या होत्या, यंत्र चालू होतं, भयासुर पेटीत पडला होता आणि त्याला अजिबात झोप येत नव्हती. तीस गावांच्या आनंदानं रोज रात्री तो गाढ झोपत होता. त्यानं डोळे मिटले, आकडे मोजले, गरम दूध मागवून पाहिलं. शेवटी खोटं खोटं घोरला. बाहेर दिवेवाला फिस्सकन हसला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, तर बाईसुद्धा हसल्या.

"आज आवाजात तो जीव नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं.

"गादीचा फोम दबला असेल," कोपऱ्यातून भावजी म्हणाले. ते गादी ठीक आहे ना, हे बघायलाच आले होते. "बबड्या, जरा सरक. बघू दे."

भयासुर बाहेर आला, भावजी आत गेले. "फोम तर ठीक वाटतोय," एवढं ते म्हणाले आणि दीड मिनिटात त्यांचा डोळा लागला. भावजींचं हे वैशिष्ट्य सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होतं. गादीला पाठ टेकली की संपलं. माईक पेटीतच पडलेला होता. पहिल्या घोरण्याला दिवेवाला दिव्यासकट शिडीवरून खाली उतरला. तिसऱ्याला बाईंनी खुर्चीचा हात धरला.

"हाच!" त्या कुजबुजल्या. "कुणीही असो, मला हाच आवाज हवा."

म्हणजे दौऱ्यावर भावजींनी जायचं ठरलं. पेटी उघडायचीच नव्हती, तेव्हा आत कोण आहे याची कुणाला पर्वा नव्हती. फलकावर नाव भयासुराचंच राहणार होतं. राहता राहिलं दुकान. ताईनं नुसतं भावाकडे पाहिलं.

सोमवारी दहाला भयासुरानं दुकान उघडलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. काळा रंग ओठांवरून पुरता निघत नव्हता आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून दारातूनच परतत. घरी आला की तो ताईशीही धड बोलत नसे. भावजी सातव्या गावात गाजत होते. वर्तमानपत्रानं 'भयासुराचा पुनर्जन्म' असा मथळा दिला होता आणि तो कापून ठेवावा की फाडावा, हे त्याला कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन आला. दुकानात तीन माणसं होती. एक नवं जोडपं मोठ्या गादीवर आडवं होऊन ती जोखत होतं आणि गुडघेदुखीनं बेजार झालेल्या एक निवृत्त शिक्षिका कडक गादीवर पडून बघत होत्या.

"बबड्या," भावजींचा आवाज दबका होता. "पेटीतून बोलतोय. माईक अजून बंद आहे, दहा मिनिटं आहेत. अरे, मला झोपच येईना!"

"तुम्हाला? झोप?"

"बाहेर तीन हजार माणसं आहेत रे. पहिली काही गावं कळलंच नाही. काल कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि तेव्हापासून डोळे मिटले की ती माणसंच दिसतात. तुला पण असंच व्हायचं का?"

"रोज," भयासुर म्हणाला. "तीस वर्षं."

आणि एक क्षण त्याच्या मनात आलं, की फोन ठेवावा. झोपू नयेत भावजी. आपटू दे कार्यक्रम. मग कंपनीच्या बाई धावत आपल्याकडे येतील. त्याचा अंगठा बटणावर गेलाही.

"मला स्वतःचं काही नाही रे," भावजी पलीकडून म्हणाले. "पण फलकावर तुझं नाव आहे. माझ्यापायी ते जायला नको."

भयासुरानं अंगठा काढून घेतला. समोरच्या गादीवर बसला, घसा साफ केला आणि फोन तोंडाशी धरून ताईच्या पोरांसाठी म्हणायचा ती अंगाई गाऊ लागला. पहिली ओळ जरा खरखरीत आली. दुसरीला गळा मोकळा झाला. आपला आवाज असाही लागतो, हे तो विसरूनच गेला होता. डोळे मिटून तो गात राहिला. तिसऱ्या ओळीला फोनमधून बारीक घरघर आली. लांबून कुणीतरी "माईक!" म्हणालं. मग ती घरघर खोल गेली, घुमली, आणि तीन हजार माणसं एकदम किंचाळली.

भयासुरानं फोन खाली ठेवला आणि डोळे उघडले. नवं जोडपं एकमेकांकडे तोंड करून गाढ झोपलं होतं. शिक्षिकाबाईंचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि त्या तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

त्यानं सवयीनं कान टवकारले. कुठेही खट् झालं नाही. एकही माणूस उठून गेला नव्हता.

भयासुर चवड्यांवर चालत गेला, पंखा एकवर आणला, शिक्षिकाबाईंचा चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला आणि पुढचं कडवं म्हणायला बसला.