शरिफाखालाचा मेहरम

मी एकदा डोकं चालवलं ना, की महाडच्या बाजारपेठेत माझ्यापुढे कुणाचं चालत नाही! हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे म्हणायचे, नव्व्याण्णव सालापर्यंत. त्या वर्षी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार बेत आखला, आणि तेव्हापासून लोकांनी म्हणायचं बंद केलं.

तेव्हा मी महाड-पोलादपूर रस्त्यावर टेम्पो हाकायचो. चढण आली की पॅसेंजरना उतरवून ढकलायला लावायचो, आणि वर पोचल्यावर तेच उलट माझ्याकडे चहा मागायचे. असल्या धंद्यात माणूस किती दिवस काढणार? तिकडे जेद्दात माझा मामेभाऊ मुसैब मजेत होता. आमच्या आळीतल्या पीसीओवर फोन करून मला रोज चिडवायचा.

"ये ना रे इकडं! आमच्या शेठला ड्रायव्हर पाहिजे. गाडीला एसी हाय, घामच येत नाय!"

"अरे, पण नोकरीचा व्हिसा?"

"तो कोण देतोय? उमऱ्याच्या व्हिसावर ये, उमरा कर आणि हो गायब!"

बस्स! मी त्याच दिवशी शोएबभाई एजंटच्या टेबलासमोर जाऊन बसलो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एकटा जवान माणूस? नाय मिळणार. तोंड बघूनच ओळखतात, हा काय परत जायचा नाय. सोबत एखादी म्हातारी घे."

"म्हातारी कुठून आणू?"

"का? सासू नाय तुला?"

मी उठून शोएबभाईच्या हाताचा मुकाच घेणार होतो! बाईमाणसाला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, एकटीला जाता येत नाही, बरोबर मेहरम लागतो. मेहरम म्हणजे बाप, भाऊ, मुलगा, असा माणूस ज्याच्याशी तिचं लग्न होऊच शकत नाही. त्यात जावईसुद्धा बसतो. माझी सासू शरिफा, लांबच्या नात्यानं माझी खालाच, म्हणजे मावशी. पोलादपूरला एकटी राहायची, मुलगा नाही, नवरा वारलेला. सासरेही असेच उमऱ्याच्या व्हिसावर गेले होते आणि दहा वर्षं जेद्दात लपून राहिले. तिकडच्या सरकारनं माफी जाहीर केली तेव्हा परत आले आणि वर्षभरात गेले. त्यांच्या कमाईचं स्लॅबचं घर पोलादपूरला उभं होतं. टेम्पो त्या घरावरून गेला की मी दरवेळी मनात म्हणायचो, वा, माणूस असावा तर असा!

बेत सोपा होता. खालाला न्यायचं, उमरा करायचा, परतीच्या वेळी तिला ग्रुपमधल्या बायकांच्या हवाली करायचं, आणि आपण मुसैबच्या गाडीत!

खालाला विचारलं तर ती जी रडायला लागली!

"तू मला मक्केला नेणार? मला? अरे, पोटच्या पोरानं केलं नसतं ते तू करतोस रे अब्बास!"

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, केवढा विनय!

माझी बायको रिझवाना मात्र तिच्या आईसारखी भोळी नव्हती. रात्री वाढता वाढता तिनं विचारलं, "जाणार ते कळलं. येणार कधी?"

"व्हिसा पंधरा दिवसांचा असतो."

"मी व्हिसाचं नाही विचारलं. तुमचं विचारलं."

मी म्हटलं, आज डाळीत मीठ जास्त झालंय. त्या रात्री भांडी इतक्या जोरात घासली गेली की पातेल्याला पोचा आला. दुसऱ्या दिवशी ती पोलादपूरला आईकडे जाऊन आली. मला वाटलं, आईला बांधाबांध करायला मदत करायला गेली असेल!

उमऱ्याला निघायच्या आधी दारोदार जाऊन माफी मागायची, ही आमच्याकडची रीत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा, म्हणायचं. मी निघालो माफी मागत, आणि तिथूनच गडबड सुरू झाली. माफी सगळ्यांनी दिली हो, पण प्रत्येकानं शेवटी एकच वाक्य जोडलं. "परत आलास की भेट!" अमक्याला झमझमचं पाणी पाहिजे, तमक्याला खजूर. खालाची शेजारीण राहीबाई. तिच्या अंगणात वाळत घातलेल्या भातावरून मी एकदा टेम्पो नेला होता.

"माफ केलं," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या लग्नासाठी तिथं सांग जरा. आणि परत आलास की आधी हिकडं ये!"

म्हणजे मी पळून जाणार, आणि सगळा तालुका माझी वाट बघत बसणार!

त्यात मौलानांनी नेमका तोच जुम्मा गाठला. नमाजआधीच्या बयानात म्हणाले, "रोजी कमवायला जगात कुठेही जा, त्यात काही गैर नाही. पण दारातून जा, खिडकीतून नको! व्हिसा म्हणजे नुसता शिक्का नव्हे. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण दिलेला शब्द आहे तो. इतके दिवस राहू, अमुक कामासाठी राहू, मग निघू. कुराणात हुकूम आहे, ईमानवाल्यांनो, आपले करार पुरे करा!"

मला घाम फुटला. संशय नको म्हणून मी पहिल्या रांगेत बसून अशी काही मान डोलावली की मौलाना पुढचं सगळं माझ्याकडेच बघून बोलले. त्यामुळे झालं काय, की अख्खं बयान मला पाठ झालं!

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर हीऽऽ गर्दी! गळ्यात इतके हार पडले की मला समोरचं दिसेना. माझी चार वर्षांची लेक अलीशबा माझ्या मानेला मिठी मारून सोडेचना. "अब्बा, खजूर आणा हं!" म्हणाली. रिझवाना लांब उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. मी एसटीत बसून खिडकीची काच लावून घेतली.

मक्केला पोचलो. आता हे मात्र खरं सांगतो. काबा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला आणि मी मुसैब, एसी, गाडी सगळं विसरलो. खाला रडत होती, मीही रडत होतो. उमरा झाला, डोकं तासून घेतलं, इतकं हलकं वाटलं की काय सांगू! पण आम्ही माणसं. दोन दिवसांत खोलीत परत बॅगेची चेन उघडली आणि आत ड्रायव्हिंग लायसन्स दिसलं. शेजारीच मुसैबसाठी आणलेला सुका जवळा होता.

"अब्बास, कसला रे वास येतो?" खालानं विचारलं.

"मुसैबला भेट म्हणून जवळा आणलाय."

"उमऱ्याला सुकी मच्छी?" ती नुसती हसली. मला वाटलं, किती साधी बाई!

शेवटी परतीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. म्हणजे मावळली. मुसैब मला न्यायला येणार होता. मी खालाला बायकांच्या स्वाधीन करायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "अब्बास, मी काय परत येत नाय!"

"काय?"

"हजपर्यंत हितंच राहते. लपून! लोक राहतातच की. मुसैबच्या खोलीवर जाऊ. तू माझा मेहरम, म्हणजे तुला पण माझ्यासंगं राहायलाच लागंल. मी तुम्हा पोरांना भाकऱ्या थापून घालीन. पोलीस आले की आपण दोघं पलंगाखाली!"

मुसैबच्या खोलीत आठ जण राहत होते आणि पलंग एकही नव्हता. पण तो प्रश्न नंतरचा! नोकरीसाठी पळालेले खूप जण ऐकलेत, सासूला घेऊन पळालेला जावई कुणी ऐकलाय का? शेठसमोर काय सांगू, ही कोण? क्लीनर?

"खाला, असं नाही करता येत!"

"का नाय?"

आणि माझ्या तोंडून मौलाना बोलायला लागले! "व्हिसा म्हणजे नुसता शिक्का नव्हे, खाला! आपण दिलेला शब्द आहे तो!"

"असं व्हय?" खाला मांडी घालून बसली. "मग शब्द मोडला तर?"

"गुनाह!"

"लय मोठा?"

"मोठा म्हणजे! कुराणात हुकूम आहे, करार पुरे करा!"

"आणि लपून जी भाकरी खायची, ती हलाल का हराम?"

इथे मी जरा अडखळलो. पण तोपर्यंत शेजारच्या खोलीतले लोक दारात जमले होते. ग्रुपमधल्या एका रत्नागिरीच्या चाचांनी "सुभानअल्लाह!" म्हटलं. आता माघार कशी घेणार? मला जोरच चढला!

"ज्या भाकरीच्या मुळाशी खोटं आहे, तिच्यात बरकत कुठली? अल्लाच्या घरी आलो, तेच खोटं बोलून? बायकापोरांना कोणत्या तोंडानं पैसे पाठवणार? आणि जो लपणाऱ्याला लपवतो, तोही तितकाच गुन्हेगार!"

शेवटचं वाक्य मौलानांचं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं. आणि नेमकं ते संपलं तेव्हा दारात मुसैब उभा! गाडीची किल्ली बोटावर फिरवत आलेला. ती किल्ली फिरायची थांबली.

"अब्बास," तो म्हणाला, "तू मला हे सांगायला बोलावलंस?"

"अरे नाही रे, मुसैब, ऐक ना..."

"नाय, बरोबर हाय तुझं." त्यानं चाचांकडे बघितलं, खालाला सलाम केला, मग बॅगेजवळ गेला, सुक्या जवळ्याची पिशवी उचलली आणि निघून गेला. माझी जेद्दातली नोकरी मी जिन्यावरून उतरताना बघितली, जवळ्यासकट!

खालानं डोळे पुसले. "पटलं रे मला. माझे डोळे उघडलेस! तुझा-माझा करार एकच, दोघं संगंच जाऊ. तुझा पासपोर्ट दे हिकडं, तू भोळा, कुठं हरवशील."

पासपोर्ट तिच्या कंबरेच्या बटव्यात गेला. तो विमानतळावरच बाहेर आला. चाचा माझ्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला त्यांचा भाऊ, दोघंही वाटेत मला विचारत होते, "अजून काही सांगा ना!" पळून जायचं म्हटलं तरी कसं पळणार? मीच बोललेलं बयान माझ्यावर पहारा देत होतं!

मुंबईहून जीप केली. महाडला न उतरता आधी खालाला पोलादपूरला सोडायला गेलो. जीप दारात थांबते न थांबते तोच राहीबाई धावत आली, हातात टोपली.

"शरिफा, आलीस गो! बग, तू म्हणाली होतीस तसंच झालं! काल सांजच्यालाच पिल्लं फुटली!"

टोपलीत पिल्लं चिवचिवत होती. मी विचारलं, "कोण काय म्हणालं होतं?"

"अरे, जायच्या आठवडाभर आधी हिनं कोंबडी अंड्यांवर बसवली नि जाताना माझ्या ताब्यात दिली. म्हणाली, पिल्लं फुटतायत तोवर मी येतेच. हिचं नि कोंबडीचं गणित कधी चुकत नाय बग!"

मी खालाकडे बघितलं. खाला पिल्लांकडे बघत होती.

"खाला, म्हणजे तुम्हाला तिथं राहायचंच नव्हतं?"

"कोंबडी बसवून राहीन कशी रे?"

"मग ते पलंगाखाली वगैरे?"

ती पायरीवर बसली. "रिझवाना आली होती रडत. म्हणाली, आई, हे परत येणार नायत. मी म्हटलं, मी आणते." मग तिनं स्लॅबच्या घराच्या दाराकडे हात केला. "दहा वर्षांनी तिचा बाप ह्याच दारात उभा राहिला. पोर माहेरपणाला आली होती, तिनंच दार उघडलं. सख्ख्या बापाला इचारलं, 'कोण पाहिजे?' तो मानूस मरेपर्यंत तेवढंच घोकत व्हता रे. स्लॅबचं कुणाला काय पडलंय?"

मी म्हटलं, "खाला, माफ करा."

"केलं. आणि मौलानांना मी विमानतळावरून फोन केलाय. येत्या जुम्म्याला तूच बोलणार हायस. तुझं ते बयान!"

"खाला!"

"मग? पाठ हाय ना?"

महाडला घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कडी वाजवली. दार अलीशबानं उघडलं. मी बॅग टाकली आणि दोन्ही हात पसरले. तिनं माझं तुळतुळीत डोकं बघितलं, वाढलेली दाढी बघितली, दार अर्धं लोटून घेतलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

आई शप्पथ! नुसते पंधरा दिवस झाले होते हो!

"अगं, अब्बा!" मी कसंबसं म्हटलं.

ती आत तोंड करून ओरडली, "अम्मीऽऽ! एक टकला आलाय, त्याला अब्बा पाहिजेत! त्याला सांग, अब्बा उमऱ्याला गेलेत, खजूर घेऊन येणार आहेत!"

रिझवाना ओढणीला हात पुसत बाहेर आली. मला बघितलं आणि दाराला टेकून एकदम रडायलाच लागली. मग अलीशबाकडे बघून हसायला लागली, ती थांबेचना.

"आलात?"

"आलो."

अलीशबानं खजुराचं पाकीट माझ्या बॅगेतून अलगद काढून घेतलं. मला अब्बा म्हणायला मात्र ती डोक्यावर केस उगवेपर्यंत काही तयार झाली नाही!